बागकामाचं एक मासिक निवडायला लागलेले साडेसहा महिने

गेल्या वर्षी ११ फेब्रुवारीला कपाटावरचा बागकामाच्या मासिकांचा गठ्ठा मी खाली काढला. १४ अंक होते. त्यातले ९ पाकिटातून बाहेरही आले नव्हते. पाकिटावरच्या पट्टीवर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि अगदी शेवटी एक आकडा छापलेला होता. वर्गणी कुठल्या अंकापर्यंत भरली आहे हे त्या आकड्यावरून समजतं, हे मला त्या दिवशी कळलं. हिशेब केला तर अजून २२ अंक यायचे होते.

वर्गणी मी तीन वर्षांची भरली होती, कारण दोन वर्षांच्या पैशात तीन वर्षं मिळत होती. मुखपृष्ठावर गुलाबाचा ताटवा होता. आत काय आहे ते चाळून पाहिलं, वाचून पाहिलं नाही. नंतर दर महिन्याला पाकीट आलं की मनात खट्टू व्हायचं: झाडांची इतकी आवड आहे म्हणते आणि साधं मासिक वाचून होत नाही. हे खट्टू वाटणं वर्षभर साचत गेलं होतं.

पुढच्या दोन संध्याकाळी मी ते नऊही अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. हातात पेन्सिल घेतली आणि ठरवलं, जे वाचून उद्या कुंडीपाशी जाऊन काही करता येईल तिथे खूण करायची. नऊ अंकांत चार खुणा झाल्या. बाकी सुंदर फोटो, 'झाडांमुळे मन प्रसन्न राहतं' अशा अर्थाचे लेख आणि खतांच्या जाहिराती. मासिक न वाचण्यात माझा आळस होता, पण वाचण्यासारखंही त्यात फारसं नव्हतं. हे लक्षात आल्यावर आधी हलकं वाटलं, मग पैशांची आठवण झाली.

आपल्यासाठी योग्य मासिक नीट शोधायचं असं मी तेव्हा ठरवलं. ते हाती पडायला २४ ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात जे केलं, जे चुकलं, जिथे थांबावं लागलं ते क्रमाने लिहिते आहे. कुणाच्या कपाटावर असाच गठ्ठा असेल तर उपयोगी पडावं.

आधी जुनी वर्गणी बंद करायची होती. १३ फेब्रुवारीला ईमेल केला. आठ दिवस उत्तर नाही. फोन केला तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तीन वर्षांच्या योजनेत परतावा नसतो." मी ठीक आहे म्हणून फोन ठेवला आणि नंतर पावती शोधून काढली. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वर्गणी मध्येच बंद केल्यास मिळालेले अंक सुट्या अंकाच्या किमतीने मोजून उरलेली रक्कम परत मिळेल. त्या मजकुराचा फोटो, ग्राहक क्रमांक, पैसे भरल्याची तारीख आणि शेवटच्या मिळालेल्या अंकाचा क्रमांक, हे चारही एकाच ईमेलमध्ये घालून पुन्हा पाठवलं. या वेळी तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. पैसे २ एप्रिलला खात्यात जमा झाले, म्हणजे पहिल्या ईमेलपासून ४८ दिवसांनी. भरलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शाहून थोडेसेच जास्त होते. सवलत घेऊन भरलेल्या वर्गणीतले आलेले अंक पूर्ण किमतीने मोजले की असंच होतं. तेव्हा पावती जपून ठेवा आणि मोठी सवलत दिसली तरी पहिली वर्गणी एक वर्षाचीच भरा.

परताव्याची वाट पाहत असतानाच १ मार्चपासून मी दर शनिवारी ग्रंथालयात बसायला लागले. पहिल्या शनिवारी मासिकांच्या फळीवर बागकामाचे तीनच अंक दिसले. ग्रंथपालबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ताई, फळीवर फक्त चालू अंक असतो. जुने आतल्या खोलीत बांधून ठेवलेत. आणि काही परदेशी मासिकं आमच्या डिजिटल सदस्यत्वातही आहेत. मागितलंत तर काढून देते." मागितलं नसतं तर मला त्या खोलीचा पत्ताही लागला नसता. पुढचे दहा शनिवार त्यांनी मला हवं ते काढून दिलं.

मी आठ मासिकं निवडली आणि प्रत्येकाचे तीन अंक वाचायचे ठरवले: चालू महिन्याचा, बरोबर एक वर्षापूर्वी त्याच महिन्यात निघालेला आणि मधला सहा महिन्यांपूर्वीचा. वर्षापूर्वीचा अंक घेण्याची कल्पना ग्रंथपालबाईंची. बागकामाचं वर्ष गोल फिरतं, त्यामुळे विषय पुन्हा येणारच. पण विषय पुन्हा येणं आणि लेख पुन्हा येणं यात फरक आहे. एका मासिकात कुंड्यांना पाणी कसं घालावं हा लेख दोन्ही वर्षी जवळजवळ शब्दशः तोच होता, फक्त फोटोतली झारी बदलली होती. दुसऱ्या एका मासिकाने मात्र त्याच विषयावर पुन्हा लिहिताना आधीच्या वर्षी काय सांगितलं होतं, वाचकांनी काय कळवलं आणि म्हणून आता काय बदल सुचवतो हे मांडलं होतं. त्या मासिकापुढे मी वहीत चांदणी काढली.

पण निम्म्या गोष्टींत मीच अडाणी असताना मासिक चांगलं की वाईट हे ठरवायचं कशावरून? इथे मी बरीच अडले. मग एक मार्ग सापडला. ज्या प्रश्नांची खात्रीची उत्तरं आपण आधी नीट अभ्यासून ठेवली आहेत, तेच प्रश्न प्रत्येक मासिकाला घालायचे. मी तीन प्रश्न घेतले.

पहिला, कुंडीच्या तळाशी खडे घालावेत का. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की खड्यांमुळे निचरा चांगला होतो. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून टच्च होईपर्यंत ते मातीतच अडून राहतं. कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहिला असता, तो खड्यांमुळे वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोक मोकळं राहावं म्हणून त्यावर जाळीचा किंवा खापराचा एक तुकडा पुरतो. आठपैकी पाच मासिकांनी खडे घालायला सांगितलं होतं.

दुसरा, घरातली झाडं हवा शुद्ध करतात का. या समजुतीमागे १९८९ चा नासाचा एक अभ्यास आहे. तो बंद पेट्यांमध्ये झाला होता आणि त्या पेट्यांपुरता ठीकच होता. पण घर म्हणजे बंद पेटी नाही. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असं दिसलं की इमारतीत नेहमीच्या वायुवीजनाने जेवढी हवा बदलते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. ज्यांना माझ्यासारखी खोलीत झाडं असणं आवडतं त्यांनी ती जरूर ठेवावीत. पण २०१९ नंतर निघालेल्या अंकात 'हवा शुद्ध करणारी दहा झाडं' अशी यादी बिनदिक्कत छापलेली दिसली, की संपादकांनी गेल्या काही वर्षांत काय वाचलं असेल याचा अंदाज येतो. अशा याद्या मला चार मासिकांत सापडल्या.

तिसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा होता. सलग दोन वर्षं माझ्या टोमॅटोच्या फळांना बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडत होता. जुन्या मासिकाने सांगितलं होतं की ही कॅल्शियमची कमतरता आहे, अंड्याच्या टरफलांची पूड घाला. मी पूर्ण हंगामभर घातली. काही फरक पडला नाही आणि मला वाटत राहिलं की माझ्याच हाताला गुण नाही.

मार्चच्या चौथ्या शनिवारी, आतल्या खोलीतल्या एका त्रैमासिकात, मला याच्यावरचा सहा पानी लेख मिळाला. ते त्रैमासिक बागकाम करणाऱ्यांची एक संस्था काढते. त्यात बहुतेक पानं काळी-पांढरी आणि कागद साधा. लेखात लिहिलं होतं की डागाचं कारण कॅल्शियमच, पण मातीत कॅल्शियम नसतं असं बहुतेक वेळा नसतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वाहतं. पानांतून बाष्प भरपूर बाहेर पडतं, म्हणून पानं पाणी जोराने ओढतात. फळातून बाष्प फार कमी जातं, त्यामुळे फळाच्या वाट्याला कमी येतं. कुंडी एकदा कोरडी ठक्क पडली आणि मग एकदम भिजवली, की या वाटपात फळाचं टोक उपाशी राहतं. टरफलं मातीत इतकी हळू विरघळतात की त्या हंगामात त्यांचा उपयोग नाही. उपाय होता नेमाने पाणी आणि मातीवर आच्छादन. मी तो लेख तिथे बसून दोनदा वाचला. दोन वर्षं मी रोज सकाळी झाडाकडे बघत होते, आठवड्यातून दोन दिवस कामामुळे पाणी चुकत होतं, आणि हे दोन्ही एकमेकांशी जोडावं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. ग्रंथपालबाईंनी पाहिलं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

या त्रैमासिकाच्या दोन गोष्टी मला तेव्हाच आवडल्या. लेखाच्या शेवटी लेखकाने आपली बाग कुठे आहे, तिथे कडाक्याच्या थंडीत आणि उन्हाळ्यात तापमान किती जातं, माती कशी आहे, झाडं कुंडीत होती की जमिनीत, हे चार ओळींत दिलं होतं. आणि तीन वर्षांपैकी एका वर्षी त्याचाही हंगाम वाया गेला होता, तेही लिहिलं होतं.

'कुठे' या प्रश्नाचं महत्त्व मला एप्रिलमध्ये परदेशी मासिकं वाचताना पटलं. त्यांचे फोटो पाहून जीव हरखतो, पण त्यांचं पंचांग आपलं नसतं. दक्षिण गोलार्धातल्या मासिकात सप्टेंबरचा अंक वसंताचा असतो. ते सहा महिने सरकवून वाचता येतं. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना मात्र सरकवूनही उपयोग होत नाही, कारण त्यांचे ऋतूच वेगळे. अमेरिकी मासिकांत झाडापुढे 'झोन ६ ते ९' असं काही लिहिलेलं असतं. हे झोन त्यांच्या कृषी खात्याच्या नकाशावरचे. नकाशा पहिल्यांदा १९६० मध्ये निघाला, सध्याचा २०२३ चा आहे, आणि त्यात १३ झोन आहेत. प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सियसचा. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी काढून तो ठरवतात. म्हणजे झोन फक्त हिवाळ्याबद्दल बोलतो. उन्हाळा किती कडक, पाऊस किती, हवेत दमटपणा किती यातलं काहीच त्यात नसतं. ज्या भागात थंडी कधी मारकच नसते तिथल्या माणसाला त्या आकड्यावरून जवळपास काही कळत नाही. 'पूर्ण ऊन' या शब्दाचंही तसंच. मासिकांत त्याचा अर्थ रोज किमान सहा तास थेट ऊन असा धरतात. पण सकाळचे सहा तास आणि दुपारचे सहा तास यात कोवळी पानं जळण्याइतका फरक असतो.

तरीही परदेशी मासिकं पूर्ण सोडू नयेत असं मला वाटतं. छाटणी, कलमं, बी साठवणं, रोगाची ओळख हे त्यांच्याकडून शिकता येतं. फक्त 'केव्हा' हे त्यांना विचारू नये.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ग्रंथपालबाईंनी मला संगणकावर जुनी स्कॅन केलेली मासिकं उघडून दिली. माझ्या शोधाशी त्यांचा थेट संबंध नव्हता, पण त्या दुपारी मला खूप काही मिळालं. विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेलं वनस्पतींचं नियतकालिक आजही लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातर्फे निघतं. त्यातली चित्रं १९४८ पर्यंत हाताने रंगवलेली असत. जॉन लाउडन यांनी १८२६ मध्ये खास बागकामाला वाहिलेलं मासिक काढलं. आणि १८४१ मध्ये सुरू झालेल्या 'गार्डनर्स क्रॉनिकल' या साप्ताहिकाच्या १३ सप्टेंबर १८४५ च्या अंकात संपादक जॉन लिंडली यांनी छपाई थांबवून बातमी घातली की बटाट्यावरचा रोग आयर्लंडमध्ये पोहोचला आहे. पुढच्या भीषण दुष्काळाची ती नांदी होती, आणि ती बागकामाच्या साप्ताहिकात छापून आली होती.

लिंडली यांचं मत होतं की अति पावसाने झाडांत पाणी साठून ती कुजतात. बुरशींचे अभ्यासक माइल्स बर्कली म्हणत होते की पानांवर दिसणारी बुरशी हेच रोगाचं कारण आहे. या मतभेदाला उत्तर मिळायला १८६१ साल उजाडलं, जेव्हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी बुरशी हेच कारण असल्याचं प्रयोगाने दाखवून दिलं. लिंडली तेव्हाचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि तरीही चुकले होते. त्यानंतर मी कुठलंही मासिक हातात घेतलं की आधी वाचकांच्या पत्रांचं पान उघडू लागले. तिथे फक्त 'तुमचा अंक फार आवडला' अशी पत्रं असतील तर मी पुढच्या मासिकाकडे वळत असे. 'तुम्ही सांगितलेलं माझ्याकडे चाललं नाही' असं एखादं पत्र आणि त्याला मनापासून दिलेलं उत्तर दिसलं, की थांबत असे. आठांपैकी तीन मासिकांत असं पान होतं.

जाहिरातींचा मला फारसा राग नाही, त्यांच्याशिवाय मासिक स्वस्तात निघणार नाही. मी फक्त पानं मोजली. एका ८४ पानी अंकात ३१ पानं जाहिरातींची होती. त्याचं वाईट वाटलं नाही. लेखात ज्या फवाऱ्याची शिफारस होती त्याचीच जाहिरात समोरच्या पानावर होती, त्याचं वाटलं.

वनस्पतींची शास्त्रीय नावं दिली आहेत का, हेही बघत गेले. बोलीनावं गावोगाव बदलतात, शास्त्रीय नावाने झाड नक्की कुठलं ते कळतं. ही नावंही बदलतात. स्नेक प्लांट पूर्वी सॅन्सेव्हिएरिया होतं, आता ते ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा आहे. रोजमेरी आता साल्विया गटात गेली आहे. ज्या मासिकात नवं नाव देऊन कंसात जुनंही देतात तिथे कुणीतरी मन लावून मुद्रितं तपासतं आहे असं समजावं. नवं नाव नसलं तर लगेच नाकारू नये, पण नोंद करून ठेवावी. संपादक, सल्लागार, प्रकाशकाचा पत्ता आणि आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक ज्या चौकटीत असतात, तीही एकदा नजरेखालून घालावी. आयएसएसएनवरून मासिकाचा दर्जा कळत नाही. पण सल्लागार म्हणून बागेत हात घातलेल्या कुणाचंच नाव नसेल तर ते तिथेच समजतं.

मेच्या मध्यावर आठांची तीन मासिकं उरली. ती घरी आणून वापरून पाहायची होती. दोघांनी एक महिन्याचं मोफत डिजिटल सदस्यत्व देऊ केलं, त्रैमासिकाने एक जुना अंक टपालखर्चात पाठवला. डिजिटल सदस्यत्वासाठी कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो आणि महिना संपला की वर्षाची वर्गणी आपोआप कापली जाते. मी दोन्ही तारखांच्या चार दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावली. तरी एका ठिकाणी 'रद्द करा' हे बटण खात्याच्या पानावर सापडलं नाही. मदतीच्या पानातल्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्याचा दुवा होता. चार दिवस हातात होते म्हणून निभावलं. आणखी एक: डिजिटल अंक वर्गणी संपल्यावर उघडतात की नाही, हे आधी विचारून घ्या. एका मासिकाचे उघडतात, दुसऱ्याचे नाही. मला छापील अंकच बरे वाटले, कारण मातीच्या हातांनी फोन धरता येत नाही आणि टोमॅटोचा लेख मला पुढच्या वर्षीही लागणार होता.

जून पूर्ण मी काहीच केलं नाही, फक्त तीनही मासिकं समोर ठेवून कुंड्यांची कामं केली. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा तिन्हींत शोधलं. एका मासिकात फवारणीच्या औषधाचं नाव होतं. दुसऱ्यात कडुनिंबाचं तेल, पण प्रमाण नाही. त्रैमासिकात आधी मुंग्यांकडे बघा असं होतं: ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, मुंग्यांची वाट तोडली की कीड खाणाऱ्या मित्रकिडींना काम करता येतं. मग ओल्या फडक्याने पुसणं, आणि तरी राहिले तर तेल, किती पाण्यात किती आणि कुठल्या वेळी, हे सगळं. मी कुंडीखालच्या वीटा काढून पाहिल्या, मुंग्यांची रांग खरंच तिथे होती.

६ जुलैला त्रैमासिकाची एक वर्षाची वर्गणी भरली. वर्षाला चारच अंक आणि तरी प्रत्येक अंकाचा हिशेब केला तर आधीच्या मासिकाच्या दुप्पट पडतो. हे लिहिताना सुरुवातीला जरा कचरले, कारण चारच अंकांसाठी एवढे पैसे द्यावेत का हा प्रश्न घरी मलाही विचारला गेला. मी जुन्या मासिकाचे ते नऊ अंक आणि त्यांतल्या चार खुणा दाखवल्या. दुसऱ्या मासिकाची वर्गणी भरली नाही, ते मी ग्रंथालयात वाचते. तिसरं सोडून दिलं.

अर्जात पत्त्याच्या एका ओळीत ठरावीकच अक्षरं मावत होती. माझा घर क्रमांक ओळीच्या शेवटी होता आणि तो कापला गेला, हे मला नोव्हेंबरात कळलं. पहिला अंक २४ ऑगस्टला, म्हणजे ७ आठवड्यांनी आला. दुसरा आलाच नाही. पावतीवर लिहिलं होतं की अंक न मिळाल्यास प्रकाशनापासून सहा आठवड्यांच्या आत कळवावं, नंतर कळवल्यास किंमत पडेल. मी ५ डिसेंबरला लिहिलं, पट्टीचा फोटो जोडला, आणि दुसरी प्रत १९ डिसेंबरला पैसे न भरता मिळाली. पहिला अंक हातात आला की पट्टीवरचा पत्ता अक्षर न अक्षर वाचा. घर क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत सुरुवातीला लिहा.

आता वाचायची माझी एक पद्धत झाली आहे. अंक आला की त्या दिवशी फक्त अनुक्रमणिका आणि पत्रं वाचते. मग लेख एकेक करून, सकाळी पाणी घालून झाल्यावर. करण्यासारखं जे असेल ते वहीत महिन्याच्या पानावर लिहिते, अंकात नाही, कारण अंक फळीवर जातो आणि वही कुंड्यांपाशी असते. ऑगस्टच्या अंकातून अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या सात केल्या. दोन चुकल्या. राहिलेल्या दोन पुढच्या हंगामाच्या आहेत.

आणि टोमॅटो. लेख वाचल्यावर त्या हंगामात मी मोठी कुंडी घेतली, मातीवर वाळक्या पानांचं जाड आच्छादन घातलं, आणि कामाच्या दोन दिवशी पाणी घालायचं शेजारच्या काकूंना सांगितलं. पहिल्या घोसातल्या दोन फळांना डाग पडला. त्यानंतरची सगळी स्वच्छ होती. मला इतका आनंद झाला की २ सप्टेंबरला मी त्रैमासिकाला पत्र लिहिलं: कुंडी आधी किती लिटरची होती, आता किती, पाण्याच्या वेळा, आच्छादनाची जाडी, किती फळं आली, किती डागाळली. आच्छादनाने काम केलं असं मी ठामपणे लिहिलं होतं.

पत्र या फेब्रुवारीच्या अंकात छापून आलं. खाली मूळ लेखकाचं उत्तर होतं. त्यांनी आकडे दिल्याबद्दल आभार मानले होते आणि पुढे लिहिलं होतं की कुंडी, आच्छादन आणि पाणी या तीनही गोष्टी मी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे गुण कशाचा हे या पत्रावरून सांगता येत नाही. मोठ्या कुंडीत ओल आपोआपच जास्त टिकते. पुढच्या वेळी एकाच मापाच्या दोन कुंड्या शेजारी ठेवून एकीवरच आच्छादन घालून पाहावं.

मी दोन सारख्या कुंड्या आणल्या आहेत. एकाच पाकिटातलं बी दोन्हींत टाकलं, ते गेल्या रविवारी उगवलं. रोपं वीतभर झाली की डावीकडच्या कुंडीवर पानं पसरणार आहे, आणि दोन्हींना पाणी मोजूनच घालणार आहे.